विश्लेषण : पश्चिम घाटाची संवेदनशीलता मोजायची कशी? गावाच्या हद्दीने की पाणलोटाने?

वायनाडमध्ये दरड कोसळली ३० जुलै २०२४ रोजी. दुसऱ्याच दिवशी केंद्राने पश्चिम घाटातील पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा काढला. त्यात सहा राज्यांतील सुमारे ५६ हजार ८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पैकी महाराष्ट्रातील १७ हजार ३४०. यावरचा वाद मात्र किती गावे आत आणि किती बाहेर, एवढ्यावरच अडकतो.

गाव हे एकक आले कुठून?

२०११ मध्ये माधव गाडगीळ समितीने घाटाचे साधारण ९ बाय ९ किलोमीटरचे चौकोन पाडले. दुर्मीळ प्रजाती, जंगल, उंची, उतार आणि नदीकाठची वने पाहून त्यांना गुण दिले आणि तालुकानिहाय क्षेत्रे सुचवली. पुढची आखणी सूक्ष्म पाणलोट आणि गावापर्यंत न्यावी, असे समितीचेच म्हणणे होते. २०१३ च्या कस्तुरीरंगन समितीने उपग्रहचित्रांवरून गाव हे एकक धरले. गावाचे २० टक्के वा अधिक क्षेत्र संवेदनशील असेल तर अख्खे गाव यादीत. १९ टक्के असेल तर बाहेर. पाणलोट मागे पडला तो तिथेच.

पाण्याला ही यादी कळत नाही. दोन डोंगरधारांमध्ये पडलेला पाऊस एकाच ओढ्यातून खाली येतो. तोच ओढा दोन गावांची शीव असेल, तर एक काठ संरक्षित आणि समोरचा मोकळा, असेही होऊ शकते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले ते वाशिष्ठीच्या पुराने. या नदीत तर कोयनेच्या वीजगृहांतून घाट ओलांडून आलेले पाणीही मिसळते. म्हणजे पाणलोटाचा नकाशाही डोळे झाकून वापरता येणार नाही. उतार, मातीची जाडी, पावसाचा जोर, झाडोरा, रस्त्यासाठी कापलेला डोंगर हे सारे ओढ्यागणिक तपासावे लागेल.

निर्बंध लागू करायला गट क्रमांक आणि ग्रामपंचायत लागते, हा आक्षेप खरा आहे. पण मोजणी पाणलोटाने आणि अंमलबजावणी गट क्रमांकाने करायला हरकत काय? भूजलाचे मूल्यमापन राज्याची भूजल यंत्रणा दीड हजारांहून अधिक पाणलोटांनुसार करतेच. संवेदनशीलतेसाठी ते आणखी लहान पाडावे लागतील, इतकेच.

मसुद्यात खाणी आणि दगडखाणींवर बंदी आहे. मात्र यादीबाहेरच्या गावातील उतारावरची दगडखाण त्याच ओढ्यात माती सोडत असली, तरी तिला ती लागू होत नाही.