विश्लेषण : राउटरवर यादी लावली, तरी जाहिराती का दिसतात?

गूगलने क्रोम ब्राउजरमधील जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सुरुवात केली. ‘युब्लॉक ओरिजिन’ हे लोकप्रिय जाहिरातरोधकही त्यात अडकले. अशा वेळी घरातील सर्वच उपकरणांसाठी थेट राउटरवर जाहिराती रोखण्याचा पर्याय पुढे येतो. मात्र ‘पाय-होल’, ‘अ‍ॅडगार्ड होम’ यांसारखी व्यवस्था बसवल्यावर दोन तक्रारी हमखास येतात. जाहिराती दिसतच राहतात किंवा हवी ती साइट उघडत नाही.

यादी नेमके काय करते?

संकेतस्थळ उघडताना फोन किंवा संगणक आधी डीएनएस सर्व्हरला त्या नावाचा आयपी पत्ता विचारतो. नाव बंदीच्या यादीत असेल तर ‘०.०.०.०’ असे निरुपयोगी उत्तर मिळते आणि जाहिरात येत नाही. म्हणजे ही व्यवस्था केवळ नाव पाहते, पानावरील मजकूर नाही. शिवाय तिला विचारले, तरच ती अडवू शकते.

जाहिराती तरीही का येतात?

अनेकदा विचारणा यादीपर्यंत पोहोचतच नाही. खबरदारी म्हणून दुय्यम डीएनएस ‘८.८.८.८’ ठेवला, तर काही विचारणा परस्पर तिकडे जातात. पहिला सर्व्हर बंद पडण्याची वाट उपकरण पाहीलच असे नाही. आयपीव्ही६ सुरू असेल तर इंटरनेट कंपनीचा डीएनएस त्या वाटेने मिळू शकतो. ब्राउजरमधील ‘सिक्युअर डीएनएस’ आणि अँड्रॉइडमधील ‘प्रायव्हेट डीएनएस’ही तपासावेत. काही टीव्ही-उपकरणांत तर डीएनएसचा पत्ता आधीच पक्का केलेला असतो.

यूट्यूबचे काय?

तिथे सेटिंग चुकलेले नसते. व्हिडीओ आणि जाहिरात एकाच ठिकाणाहून येत असल्याने नाव अडवले, तर व्हिडीओही बंद पडतो. ही या पद्धतीचीच मर्यादा आहे.

साइट उघडत नसेल तर?

सारेच बंद करण्याची गरज नाही. विचारणांची नोंदवही, म्हणजे ‘क्वेरी लॉग’ उघडावा, साइट पुन्हा उघडावी आणि त्या क्षणी कोणते नाव अडले ते पाहावे. तेवढ्याच नावाला सूट द्यावी. जुने उत्तर उपकरणात साठलेले असते, त्यामुळे ब्राउजर किंवा उपकरण पुन्हा सुरू करावे. खरेदीच्या ईमेलमधील दुवे अनेकदा माग काढणाऱ्या डोमेनवरून जातात, म्हणून तेही अडतात. कमी मेमरीच्या राउटरवर अवाढव्य याद्या लादल्यास राउटरच मंदावतो.

नियंत्रण कोणाचे?

डीएनएस विचारणा कूटबद्ध करून पाठवण्याचे ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ हे मानक २०१८ मध्ये आले. फायरफॉक्सने २०२० मध्ये अमेरिकेतील वापरकर्त्यांसाठी ते आपोआप सुरू करण्यास प्रारंभ केला. इंटरनेट कंपनीच्या नजरेपासून वाचवणारे हेच कवच घराच्या यादीलाही बगल देते. दुसरीकडे, यादी बनवणारा अनोळखी माणूस आपल्या घरात काय उघडेल हे ठरवत असतो; म्हणून नियमित देखभाल होणाऱ्या मोजक्याच याद्या घ्याव्यात. आणि नोंदवहीत घरातील प्रत्येकाच्या फोनने काय विचारले, हेही उमटते. जाहिरातदारांची पाळत टाळताना घरातच नवी पाळत सुरू होऊ नये, यासाठी बिघाड सापडताच त्या नोंदी पुसून टाकणे उत्तम.