एकच राहिला, तर काय होते?

गेल्या हिवाळ्यात आम्ही देवळीला एका नातेवाइकाकडे गेलो होतो. घरची सून कापूस वेचायला गेलेली. अकरा महिन्यांचा नातू आजीच्या मांडीवर खेळत होता. बोलता बोलता आम्ही विचारले, "बाळाला नवव्या महिन्याची सुई दिली का?" आजी म्हणाली, "नाही जी. मागल्या सुईनं रातभर तापला होता. अन् सुईच्या दिवशी सुनेची मजुरी बुडते. वस्तीतल्या सगळ्या पोरायले टोचलं, एक आमचा राह्यला त काय होते?"

आजीचा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. म्हणून त्याचा हिशेब मांडू.

नवव्या महिन्याची ही सुई गोवर-रुबेलाची. गोवर फार झपाट्याने पसरतो. कोणाच्याही अंगी प्रतिकारशक्ती नसेल, तर एक रोगी साधारण १२ ते १८ जणांना तो देतो. आपण १५ धरू. एकाचे १५, त्या १५ चे २२५, आणि हे सारे महिनाभरात!

आता समजा, वस्तीतल्या १०० पैकी ९५ जण लसीमुळे सुरक्षित आहेत. रोगी त्याच १५ जणांच्या जवळ गेला, तरी त्यांतला एखादाच सापडतो, कधी तोही नाही. साथ तिथेच विझते. पण १०० पैकी ६० च सुरक्षित असतील, तर १५ पैकी ६ सापडतात. मग ६ चे ३६ आणि ३६ चे २१६. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना टोचूनही साथ थांबत नाही. वीस घरांच्या गल्लीत पाच घरांनी "एक आमचा राहिला" म्हटले, की गल्लीचा चौथा हिस्सा उघडा पडतो. शिवाय नवव्या महिन्याच्या एका डोसाने १०० पैकी सुमारे ८५ बाळेच सुरक्षित होतात. म्हणून १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस असतो. तो चुकवायचा नाही.

"साथ आली की टोचून घेऊ," असेही काही जण म्हणतात. पण गोवराचे पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासूनच तो रोगी दुसऱ्यांना आजार देत असतो. पुरळ पाहून आपण धावतो, तोवर आजार शेजारच्या घरात पोहोचलेला असतो. लसीची शक्ती अंगात यायला सुमारे दोन आठवडे लागतात. तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच हे.

कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, अनेक मुलांच्या सुया राहून गेल्या. पुढे २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी मुंबईत गोवंडीच्या दाट वस्त्यांत गोवराची साथ उठली. भिवंडी, मालेगावातही रोगी सापडले. राज्यात दहाहून अधिक बालके दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुले पुष्कळ होती. मग घरोघर फिरून लसीकरण झाले. पण गेलेली लेकरे परत आली नाहीत. ती घरेही आपल्यासारखीच, हातावर पोट असणारी होती.

सव्वाशे वर्षांपूर्वीही हेच घडले. जानेवारी १८९७ मध्ये डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी केली. पण साथ आधीच पसरली होती. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले आपल्याला सोडून गेल्या. त्या वेळी लस साथीच्या मागून आली. आज ती आपल्या दाराशी, साथीच्या आधी, मोफत उभी आहे.

आणखी एक गोष्ट. नऊ महिन्यांच्या आतल्या तान्ह्या बाळाला ही सुई एरवी देत नाहीत. त्याचे रक्षण कोण करणार? शेजारची टोचलेली मुले. आपल्या नातवाची सुई शेजारणीच्या तान्ह्यालाही राखते.

गोवर म्हणजे माता नव्हे, तो विषाणूचा आजार आहे. त्यातून न्यूमोनिया होतो, डोळेही जाऊ शकतात. सुईनंतर काही बाळांना थोडा ताप येतो, तो एक-दोन दिवसांत उतरतो. मजुरी बुडत असेल, तर बाळाला घेऊन आजीने जावे. आईच हवी असे नाही. सत्राचा दिवस आशाताईला विचारून ठेवावा. उशीर झाला तरी पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस देतात.

आज रात्री जेवणे झाली की पेटीतून मुलांचे लसीचे कार्ड काढा. कोणता रकाना रिकामा आहे, ते शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. रिकामा असेल, तर पुढच्या सत्राला पहिला नंबर आपला लावा.