यू-टर्न : सहा सेकंदांचा हिशेब

शाळा सुटण्याच्या वेळी एखाद्या मोठ्या चौकात पाच मिनिटे उभे राहा. मुलांना घेऊन निघालेली एखादी मोटार चौकातच वळते आणि आल्या दिशेला परत जाऊ लागते. वळण्यापूर्वी चालक इकडेतिकडे पाहतो, पण बहुधा पोलीस आहे की नाही एवढेच! खरे तर त्याने पाहायला हवे ते वेगळेच : आपल्याजवळ सहा सेकंद आहेत का?

हे सहा सेकंद कोठून आले? समजा, मोटार 5.5 मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात वळते. त्या अर्धवर्तुळाची लांबी सुमारे 17 मीटर होते. ताशी 10 किलोमीटर वेगाने हे अंतर कापायला सुमारे 6 सेकंद लागतात. आता समोरून ताशी 50 किलोमीटर वेगाने एक ट्रक येत आहे. तो सेकंदाला सुमारे 14 मीटर, म्हणजे 6 सेकंदांत सुमारे 84 मीटर पुढे येतो. ‘अजून लांब आहे’ असे वाटणारा ट्रक वळण पुरे होण्याआधीच अंगावर येतो तो असा!

चौकात तर आणखी अडचणी असतात. चार रस्ते मिळणाऱ्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा फुटतात, अशा 32 जागा मोजता येतात. यू-टर्नने त्यांत भर पडते. शिवाय पादचारी समोरची वाहने थांबलेली पाहून पाऊल टाकतो. वळून येणारे वाहन त्याच्या ध्यानीमनीही नसते.

म्हणूनच मनाईची पाटी असेल तेथे आणि सतत वर्दळीच्या रस्त्यावर यू-टर्न घेऊ नये, असा नियम आहे. परवानगी असेल तेथेही आधी इशारा द्यावा, आरशात पाहावे आणि रस्ता निर्धोक असेल तरच वळावे.

यू-टर्न मुळातच वाईट आहे, असे मात्र नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात वाहने उजव्या बाजूने चालतात. तेथे 1960 च्या दशकापासून अनेक रुंद रस्त्यांवर चौकात डावीकडे वळू देत नाहीत. वाहने सरळ पुढे जातात आणि चौकापासून दूर, दुभाजकातील ठरावीक जागी यू-टर्न घेतात. वळण तेच, पण जागा बदलली की धोका कमी होतो.

माझ्या मते, वाहतुकीचे नियम शाळेत केवळ चिन्हे पाठ करवून शिकवू नयेत. शिक्षकांनी मैदानावर खडूने चौक आखावा आणि मुलांना त्या 32 जागा शोधू द्याव्यात. दंडाची भीती पोलीस दिसेनासा होताच संपते. स्वतः केलेले गणित मात्र सोबत राहते. विद्यार्थी मित्रांनो, हे गणित आज घरी गाडी चालवणाऱ्या मोठ्यांनाही करून दाखवा.