‘मूळ’ गाडी म्हणजे कोणती? स्पिटफायरची मागची चाके आणि घरच्या दुरुस्तीचा इतिहास

१. ऑक्टोबर १९६२. लंडनच्या मोटार प्रदर्शनात ट्रायम्फ कंपनीने ‘स्पिटफायर’ ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार लोकांसमोर आणली. तिचे उत्पादन १९८० पर्यंत चालले. आज जगभरातील हौशी मालक घरच्या गॅरेजात या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये बदल करतात आणि दर वेळी एक जुना वाद नव्याने पेटतो : असा बदल केलेली गाडी ‘मूळ’ राहते का? वरवर पाहता हा यंत्राचा वाद आहे. प्रत्यक्षात तो इतिहास कशाला म्हणावे याचा वाद आहे. त्यासाठी हा धागा.

२. या धाग्याची भूमिका आरंभीच स्पष्ट केलेली बरी. मालकाने विचारपूर्वक केलेला, पुन्हा उलटवता येणारा आणि नोंदवून ठेवलेला बदल गाडीचा इतिहास बिघडवत नाही. तो त्या इतिहासाचाच भाग असतो. ‘कारखान्यातून निघाली त्या दिवशीची अवस्था म्हणजेच मूळ’ ही व्याख्या सोयीची आहे, पण अपुरी आहे. याचे कारण समजण्यासाठी स्पिटफायरच्या जन्माआधी थोडे मागे जावे लागते.

३. स्पिटफायरचा सांगाडा आला ‘हेरल्ड’ या कौटुंबिक मोटारीवरून. १९५३ मध्ये फिशर अँड लडलो ही मोटारींचे सांगाडे बनवणारी कंपनी बीएमसी या प्रतिस्पर्धी समूहाने विकत घेतली आणि स्टँडर्ड-ट्रायम्फचा मोठा पुरवठादार हातचा गेला. म्हणून १९५९ साली आलेल्या हेरल्डला स्वतंत्र चॅसिस देण्यात आली आणि वेगवेगळ्या ठिकाणी बनलेले पत्र्याचे भाग तिच्यावर बोल्टने बसवण्यात आले. इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी तिला देखणे रूप दिले. अडचणीतून निघालेली ही वाट होती. पण भाग सहज सुटे होण्याच्या याच गुणामुळे पुढे घरच्या दुरुस्तीला मोठा वाव मिळाला.

४. हेरल्डच्या मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होते, ते ‘स्विंग ॲक्सल’ पद्धतीचे. मधोमध डिफरन्शियल, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अर्धा ॲक्सल आणि माथ्यावर आडवा बसवलेला एकच कमानपाटा. ॲक्सलला वाकण्यासाठी सांधा फक्त आतल्या टोकाला. बाहेरच्या टोकाला चाक पक्के. त्यामुळे दाराची फळी बिजागरीवर फिरावी तसे चाक ॲक्सलसह वर-खाली फिरते आणि फिरताना कलतेही. बांधणी स्वस्त, हलकी आणि खडबडीत रस्त्यावर सुखावह. स्पिटफायरने ती जशीच्या तशी घेतली.

५. दोष वळणावर उघड होतो. वेगात वळताना बाहेरच्या मागच्या चाकावर मोठा आडवा जोर येतो. त्याच क्षणी घाबरून चालकाने ॲक्सिलरेटर सोडला, तर भार पुढे सरकतो आणि गाडीचा मागचा भाग उचलला जातो. मग बाहेरचे चाक खालच्या बाजूने गाडीखाली मुडपते, टायरची रस्त्यावरील पकड एकाएकी सुटते आणि मागचा भाग घसरत बाहेर जातो. सावध होऊन वेग कमी करणाऱ्यालाच शिक्षा देणारी ही रचना होती. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नाही; तो जिवाशी निगडित आहे.

६. हा दोष एकट्या ट्रायम्फचा नव्हता. स्विंग ॲक्सलचे पेटंट एडमुंड रुम्प्लर यांनी १९०३ मध्येच घेतले होते. फोक्सवॅगन बीटल, पोर्श ३५६, एवढेच नव्हे तर १९५४ ची पंखदारी मर्सिडीज ३०० एसएल यांच्या मागच्या चाकांनाही हीच पद्धत होती. मर्सिडीजने १९५७ च्या उघड्या टपाच्या ३०० एसएलमध्ये ॲक्सलचा फिरण्याचा बिंदू खाली आणला, तो या वर्तनाला आळा घालण्यासाठी.

७. सर्वाधिक गाजली ती अमेरिकेतील शेव्हर्ले कॉर्वेअर. राल्फ नेडर यांनी १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण तिच्यावर लिहिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वाहन-सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला. १९७२ च्या सरकारी चाचणी-अहवालाने मात्र असा निष्कर्ष काढला की, १९६० ते १९६३ मधील कॉर्वेअर तिच्या समकालीन गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती. म्हणजे दोष एका गाडीत शोधला गेला, पण तो त्या काळाच्या अनेक गाड्यांत मुरलेला होता.

८. उपायही त्याच काळात शोधला गेला आणि तो केवळ कारखान्यांत नव्हे. कॅलिफोर्नियातील एम्पी या छोट्या कंपनीने बीटलसाठी ‘कॅम्बर कॉम्पेन्सेटर’ विकायला घेतला. दोन्ही ॲक्सलांच्या खालून जाणारा हा एक आडवा पाटा. चाके मुडपू लागली की तो त्यांना अडवतो. मालकाने तो घरी आणावा, गाडी घोडीवर चढवावी आणि स्वतः बसवावा. पोर्शने १९६० च्या ‘सुपर ९०’ वर आणि शेव्हर्लेने १९६४ च्या कॉर्वेअरवर याच कल्पनेचा पाटा कारखान्यातूनच दिला. कारखाना आणि गॅरेज यांच्यातील सीमारेषा तेव्हाही इतकी पुसट होती.

९. स्पिटफायरची कथाही अशीच वळणांची. पैशांअभावी तिचा नमुना कापडाखाली झाकून ठेवलेला होता. १९६१ मध्ये लेलँडने स्टँडर्ड-ट्रायम्फ ताब्यात घेतली. कारखान्याची पाहणी करताना नव्या व्यवस्थापनाच्या नजरेस तो पडला आणि गाडीला मंजुरी मिळाली. १९६६ मध्ये त्याच चॅसिसवर दोन लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन चढवून ‘जीटी६’ काढण्यात आली. शक्ती वाढली, ॲक्सल तोच राहिला. टीका झाली आणि १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत खालचे विशबोन व रबरी सांधे आले.

१०. खुद्द स्पिटफायरला उपाय मिळाला तो १९७० च्या ‘मार्क ४’ आवृत्तीत. त्याचे नाव ‘स्विंग स्प्रिंग’. पूर्वी कमानीचे सगळे पाटे डिफरन्शियलवर घट्ट आवळलेले असत. आता त्यांपैकी एकच आवळला गेला. बाकीचे मध्यबिंदूवर तराजूच्या दांडीसारखे झुलू लागले. दोन्ही चाके एकाच वेळी खड्ड्यात गेली, तर कमान पूर्ण ताकदीने भार पेलते. पण वळणावर गाडी कलली, तर ती फारसा विरोध करत नाही. त्यामुळे मागचा भाग उचलला जाण्याची आणि चाक मुडपण्याची प्रवृत्ती बरीच घटली.

११. पण १९७० पूर्वी विकल्या गेलेल्या गाड्यांचे काय? त्या रस्त्यावर होत्या आणि त्यांच्या मालकांना वळणे घ्यायची होती. त्यांनी दोन वाटा धरल्या. पहिली स्वस्त : कमान आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये धातूचा ठोकळा घालून गाडी खाली आणायची, म्हणजे चाकांचे माथे आतल्या बाजूला झुकतात आणि मुडपण्याची वेळ उशिरा येते. दुसरी अधिक पक्की : नंतरच्या आवृत्तीची स्विंग स्प्रिंग जुन्या गाडीला बसवायची. अमेरिकेत ट्रायम्फच्या स्पर्धा-विभागाचे प्रमुख कास कास्टनर यांनी तर गाडी शर्यतीसाठी कशी सज्ज करावी याच्या पुस्तिकाच लिहिल्या. गाडीत बदल करणे ही चोरून करायची गोष्ट नव्हती.

१२. हे काम घरी होते, पण ते पोरखेळ नाही. गाडी फक्त जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नये. चॅसिसखाली भक्कम घोड्या हव्यात. या गाडीत चाक किती खाली यावे हे शॉक ॲब्सॉर्बरच रोखून धरतो. म्हणून तो सोडवण्याआधी चाकाकडच्या भागाला खालून दुसऱ्या जॅकचा आधार द्यावा लागतो. अन्यथा ताणलेली कमान झटक्याने सुटते. डिफरन्शियलवरचे स्टड नव्या कमानीशी जुळतात का, हे आधी ताडून पाहावे. रबरी बुशांचे बोल्ट अखेरचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. लोंबत्या अवस्थेत आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

१३. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. स्विंग स्प्रिंग कलण्याला विरोध करत नाही, म्हणून तो विरोध दुसरीकडून आणावा लागतो. ट्रायम्फने मार्क ४ मध्ये पुढचा अँटी-रोल बार अधिक जाड केला होता. फक्त मागची कमान बदलून पुढचा जुना बार तसाच ठेवणारा मालक अर्धाच उपाय करतो आणि त्याची गाडी वळणावर नको तितकी झुकते. कारखान्याने काय बदलले एवढेच नव्हे, तर त्याबरोबर आणखी काय बदलले हेही वाचता आले पाहिजे. ही शिस्त इतिहासाच्या अभ्यासकाला नवी नाही : संदर्भ सोडून उचललेला पुरावा दिशाभूल करतो.

१४. आता मूळ वादाकडे. शुद्धतावाद्यांचे म्हणणे हलके नाही. ते म्हणतात, जुनी गाडी हा दस्तऐवज आहे. १९६२ च्या अभियंत्याने कोणती तडजोड केली, त्या काळच्या चालकाला वळणावर काय अनुभवावे लागले, हे तिच्या जुन्या कमानीतच वाचता येते. प्रत्येक मालकाने आपल्या सोयीने सुधारणा केली, तर पन्नास वर्षांनी त्या काळाचा एकही खरा साक्षीदार उरणार नाही. हा युक्तिवाद मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही; संग्रहालयातील गाडीच्या बाबतीत तो निर्णायकही आहे.

१५. पण रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला तो पुरा पडत नाही. समजा, १९६४ च्या एका स्पिटफायरला तिच्या मालकाने १९७२ मध्ये स्विंग स्प्रिंग बसवली आणि ती तशीच अर्धशतक चालली. आज ती कमान काढून जुन्या पद्धतीची बसवली, तर इतिहास परत येतो की पन्नास वर्षांचा इतिहास पुसला जातो? वास्तूंच्या जतनात हा प्रश्न १९६४ च्या व्हेनिस सनदेने हाताळला आहे. वास्तूला निरनिराळ्या काळांनी जी रास्त भर घातली तिचा मान राखावा, केवळ शैलीची एकरूपता साधण्यासाठी ती खरवडून काढू नये, असा तिचा आशय. देवळाच्या जुन्या गाभाऱ्यापुढे पेशवेकाळात उठलेला लाकडी सभामंडप कोणी ‘नंतरचा’ म्हणून पाडायला निघाले, तर महाराष्ट्रातील इतिहासप्रेमी गप्प बसतील का?

१६. ब्रिटनच्या नियमांनाही हे उमगलेले दिसते. मे २०१८ पासून तेथे चाळीस वर्षांहून जुन्या वाहनांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. मात्र गेल्या तीस वर्षांत वाहनात मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे. सस्पेन्शनचा प्रकार बदलणे हा मोठा बदल मानला जातो. परंतु तशा गाड्यांचे उत्पादन चालू असताना, किंवा ते थांबल्यानंतरच्या दहा वर्षांत, जे बदल प्रचलित होते ते दाखवून देता आले तर त्यांना वेगळे वागवले जाते. सुरक्षिततेसाठी केलेल्या बदलांनाही मुभा आहे. ‘त्या काळाचा बदल’ हाही त्या काळाचाच, हे कायद्याने मानले.

१७. या कथेला भारतीय बाजूही आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६० च्या दशकात हेरल्ड भारतात ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून बनवली. तिला तोच स्विंग ॲक्सल होता आणि तो येथील ग्राहकांना व मेकॅनिकांना फारसा रुचला नाही. १९७२ साली आलेल्या ‘स्टँडर्ड गॅझेल’ला कंपनीने सरळ अखंड ॲक्सल दिला. युरोपच्या दृष्टीने हे मागे जाणे होते. येथील रस्ते आणि येथील गॅरेज यांच्या दृष्टीने ते शहाणपण होते. उद्या कोणी गॅझेलला ‘अस्सल’ करण्यासाठी स्विंग ॲक्सल बसवला, तर तो नेमका भारताचाच अध्याय फाडून टाकील.

१८. भारताने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात जपलेले आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न झालेले वाहन त्यांत बसते. ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांवर यापुढे अनेक गाड्यांचे भवितव्य ठरेल. त्यांचा अर्थ ‘कारखान्यातला पहिला दिवस’ इतकाच लावायचा, की काळाने घातलेली रास्त भरही त्यात धरायची, याची चर्चा आताच व्हायला हवी.

१९. याचा अर्थ काहीही चालते असा मुळीच नाही. जुनी चॅसिस कापून तिला आधुनिक गाडीचे सस्पेन्शन वेल्डिंगने जोडणे हे जतन नव्हे. गाडी कदाचित उत्तम चालेल, पण परतीची वाट बंद होते. बोल्टने बसलेली कमान एका सुटीच्या दिवसात पूर्ववत होऊ शकते. कापलेले लोखंड होत नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये मंजूर केलेली टुरिन सनदही बदल आवश्यक तेवढेच, परतवता येण्याजोगे आणि नोंदवलेले असावेत, याच दिशेने बोट दाखवते.

२०. यातली ‘नोंद’ सर्वांत दुर्लक्षित आहे. स्पिटफायर कोणत्या दिवशी बांधली गेली, तिचा रंग कोणता होता, हे सांगणाऱ्या कारखान्याच्या नोंदी इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर संग्रहालयात जपलेल्या आहेत. गॅरेजात तिच्यावर पुढे काय घडले, याची वही मात्र बहुधा रद्दीत जाते. काढलेली जुनी कमान तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवावी. बदलाची तारीख, गाडीचे तेव्हाचे मैल, कोणता भाग कोठून आला, आधीचे आणि नंतरचे छायाचित्र हे सारे एका वहीत असावे. गाडी विकली गेली, तर वही आणि कमान दोन्ही तिच्याबरोबर जावीत.

२१. कारखान्याने १९६२ मध्ये जे केले तो इतिहास आहे. त्यातील उणीव ओळखून सामान्य मालकाने नंतर घरी जे दुरुस्त केले, तोही इतिहास आहे. आणि वळणावर माणसे सुखरूप राहिली ती अनेकदा या दुसऱ्या इतिहासामुळे. जुनी गाडी पाहताना तरुण अभ्यासकांनी ‘ही मूळ आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. काय बदलले, केव्हा, कोणत्या कारणाने, आणि काढलेला भाग कोठे आहे, हे चार प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे ज्या मालकाजवळ आहेत, त्याने गाडी नीट जपली आहे असे समजावे.