भिंत फोडण्याआधी

घर बांधून होते, रंग लागतो, पडदे चढतात आणि मग लक्षात येते की झोपण्याच्या खोलीत एसीचा पॉइंट राहूनच गेला, किंवा अभ्यासाच्या टेबलापर्यंत इंटरनेटची केबल पोहोचत नाही. घरी बसून ऑफिसचे काम करणाऱ्यांच्या बेंगळुरूत ही अडचण घरोघरची आहे. वायरमन येतो, भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढतो आणि सहज म्हणतो, ‘‘इथून झिरी मारू.’’ ती रेघ पाहूनच गृहिणीच्या पोटात गोळा येतो.

अशा वेळी हौशी गृहस्थ लवचिक ड्रिल बिटाची चौकशी करतात. साडेचार ते सहा फूट लांबीचा हा पोलादी दांडा स्विचच्या छोट्याशा खाचेतून वाकून आत शिरतो आणि आतल्या आडव्या लाकडाला भोक पाडतो. त्याच्या छिद्रात केबल अडकवली की दांडा मागे ओढताना केबलही येते. रंगाला ओरखडासुद्धा नाही! पण हे हत्यार अमेरिकेतल्या घरांसाठी आहे. तिथली भिंत म्हणजे लाकडी चौकट, दोन्ही बाजूंना जिप्समचे तक्ते आणि मध्ये पोकळी. आपली विटांची किंवा काँक्रीट ब्लॉकची भिंत भरीव. तिच्यात दांड्याला वळायला जागाच नसते. इथे त्याचा उपयोग फार तर जिप्समच्या पार्टिशनमध्ये.

मग उपाय काय? भिंतीत आधीच असलेली वाट शोधणे. शिवनसमुद्रच्या विजेवर बेंगळुरूच्या रस्त्यांवर १९०५ मध्ये दिवे लागले. पण पूर्वीच्या घरांत वायरिंग बहुधा लाकडी पट्टीवरून, भिंतीच्या बाहेरूनच असे. मल्लेश्वरम, बसवनगुडीच्या अशा जुन्या घरांत आज प्लास्टिकची केसिंग-कॅपिंग पट्टी चौकटीच्या कडेने नेली, तर ती डोळ्यांना खुपत नाही.

फ्लॅटमध्ये मात्र प्लास्टरखाली पीव्हीसी पाइप असतात. टेलिफोन किंवा टीव्हीची जुनी केबल निकामी झाली असेल, तर तिचा पाइप इंटरनेटसाठी उत्तम. जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधून वर टेप गुळगुळीत गुंडाळावी. एकाने हळू ओढावे, दुसऱ्याने पलीकडून सरकवावे. अडली तर हिसका देऊ नये. विजेच्या वायरींच्या पाइपमध्ये मात्र इंटरनेटची केबल कधीही घालू नये. एसीसाठी ४ चौरस मि.मी.ची स्वतंत्र वायर आणि वेगळा एमसीबी हवा. भरलेल्या पाइपमध्ये ती कोंबली, तर वायरी तापतात.

झिरी मारणे अटळच असेल, तर काही पथ्ये पाळावीत. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून आणि आडवी एक-षष्ठांशाहून खोल नसावी. भार पेलणाऱ्या साडेचार इंची भिंतीला आणि आरसीसीच्या कॉलम-बीमला हात लावू नये. खरा धोका न दिसणाऱ्या वायरीचा असतो. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत वायर असण्याची शक्यता मोठी. तिथे साध्या खिळ्यासाठीही ड्रिल चालवू नये. काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री करावी. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा, कारण मेन बंद केला तरी त्याच्या वायरींत वीज असते. घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी नसेल, तर याच वेळी बसवून घ्यावा. विजेचा झटका बसलाच, तर क्षणात पुरवठा तोडून तो जीव वाचवू शकतो.

नवे घर बांधणाऱ्यांनी प्रत्येक खोलीत एक-दोन रिकामे पाइप आत दोरी ओवून ठेवावेत. प्लास्टर होण्यापूर्वी भिंतीला मोजपट्टी लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा आणि तो घराच्या कागदपत्रांबरोबर जपावा. दहा वर्षांनी वायरमन पुन्हा पेन्सिल काढेल, तेव्हा आधी तो फोटो त्याच्यापुढे ठेवावा.