कंडम

सरकारी कचेऱ्यांतून आणि रेल्वेतून एक शब्द आपल्या बोलण्यात येऊन बसला आहे, तो म्हणजे 'कंडम'. सायकल कंडम झाली, खाट कंडम झाली असे आपण सहज म्हणतो. एखादी वस्तू आता कामाची नाही, असे साहेबाने कागदावर लिहून दिले की ती कंडम. मग तिचे मोल फक्त वजनावर.

वाफेची इंजिने अशीच कंडम झाली. १९५०-५१ साली भारतीय रेल्वेकडे ८,१२० वाफेची इंजिने होती. १९७२ नंतर नवी बांधणे बंद झाले. १९९०-९१ मध्ये २,९१५ उरली आणि २०००-०१ मध्ये अवघी ५४. ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नियमित गाडी धावली ती पंजाबात, जालंधर-फिरोजपूर मार्गावर. तारीख होती ६ डिसेंबर १९९५. त्या दिवशी आपली माणसे चैत्यभूमीवर रांगेत उभी होती. योगायोगच, दुसरे काही नाही.

आमच्या ईटला रेल्वे कधी आलीच नाही. या भागातल्या माणसाला आगगाडी पाहायची तर बार्शी गाठावी लागे. तेथे होती ती बार्शी लाईट रेल्वे, अडीच फूट रुंदीच्या रुळांची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली, १९११ मध्ये ती लातूरला पोचली, १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेला. हलके रूळ टाकून खर्च वाचवायचा, म्हणून इंजिनाच्या एका चाकजोडीवर सुमारे पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा त्याचा हिशेब होता. तो हिशेब इतका पक्का निघाला की या छोट्या गाडीने तीन पिढ्या वाहिल्या. पंढरीचे वारकरी, लातूरच्या बाजाराचा माल आणि कामाच्या शोधात निघालेली आपली माणसे, सगळे तिनेच नेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये ज्या कसबे तडवळ्यात बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली, ते गावही याच मार्गावरचे.

पुढे याही रुळांवर डिझेल इंजिने आली. नंतर रूळच बदलले. २००८ मध्ये कुर्डुवाडी ते लातूर मार्ग पूर्ण ब्रॉडगेज झाला आणि ज्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, जुनी गाडी टाळून जात होती तेथे स्टेशन झाले. हे चांगलेच झाले.

वाफेचे इंजिन गेले म्हणून हळहळणारे शौकीन पुष्कळ आहेत. त्यांचे फोटो सुंदर असतात. पण त्या धुरात उभे राहून ज्यांनी काम केले त्यांना विचारावे. कोळशातल्या उष्णतेच्या दहा भागांपैकी एक भागही चाकापर्यंत पोचत नसे, बाकी सगळी धुराड्यातून वर. ती आग पेटती ठेवायला माणूस लागे. गाडी निघण्याच्या कितीतरी तास आधी भट्टी पेटवायची. वाटेत फायरमनने फावड्याने कोळसा लोटत राहायचे, समोर जाळ आणि पाठीवर वारा. इंजिन शेडात परतले की भट्टीतला विस्तव खालच्या खड्ड्यात पाडायचा, जळून दगड झालेली ढेकळे आकड्याने ओढून काढायची, राख उपसायची. पाण्यातल्या क्षाराचे थर आत बसतात म्हणून ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून धुवायचा. वरचे तेल-काजळी पुसायला क्लीनर. ही कामे कोणाच्या वाट्याला येत असतील, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

तरी या शेडात एक शिडी होती. क्लीनर, मग फायरमन, मग शंटर, मग ड्रायव्हर. प्रश्न एवढाच, की त्या शिडीवर कोणाला चढू दिले जात होते? १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी तेथेच सांगितले. ते भाषण बहुतेकांना तेवढ्यासाठीच आठवते. पण त्यात रेल्वेचा बारीक तपशील आहे. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. वर्कशॉपात तो मेकॅनिक क्वचितच होतो, हमालीतच राहतो. हे सांगायला शेड आतून माहीत असावी लागते.

मग शिडी थोडीफार मोकळी झाली, राखीव जागा आल्या, आपली मुले फायरमन झाली, काही ड्रायव्हरही झाली. आणि त्याच सुमारास वाफ जाऊ लागली. फायरमन डिझेल असिस्टंट झाला. राख उपसणारे, कोळसा भरणारे, बॉयलर धुणारे यांचे कामच उरले नाही. कायम नोकरीवाले 'सरप्लस' म्हणून दुसरीकडे गेले, पण त्यांच्या त्या जागा संपल्या. न शिकलेल्या बापाला ज्या दारातून सरकारी नोकरीत शिरता येत होते ते दार बंद झाले. घाण काम गेले याचा आनंद आहे, दाराचे दुःख आहे. दोन्ही खरे.

कंडम इंजिनांचे पुढे काय होते? आधी तांबे-पितळ उतरवतात, मग गॅस कटरने पत्रे कापतात आणि लोखंड टनावर विकले जाते. असे भंगार वितळवून सळया करणारे कारखाने जालन्यात आहेत. काही निवडक इंजिने मात्र रंग देऊन ठेवली आहेत. दिल्लीला १९७७ पासून रेल्वेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे, मुलांना जरूर दाखवा. पाटीवर कारखान्याचे नाव, साल, वजन सगळे सापडेल. खड्ड्यात उतरून राख काढणाऱ्याचे नाव कोठे शोधणार?

ते आपल्याच घरात सापडण्याचा संभव आहे. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत सर्व्हिसचे कागद, पितळी बिल्ला, पास असे काही असेल तर रद्दीवाल्याला देऊ नका. लागले तेव्हाचा हुद्दा आणि निवृत्त झाले तेव्हाचा हुद्दा शेजारी ठेवून पाहा. शेडातले शब्द मुलांनी त्यांच्याकडूनच विचारून घ्यावेत आणि कागदाच्या मागे पेन्सिलीने अर्थ लिहून ठेवावा. शाई पुसट होते, पेन्सिल टिकते.