रिपोर्टमधली बुरशी

गेल्या महिन्यात गारखेड्यातल्याच एक भाभी शाळा सुटल्यावर आमच्याकडे आल्या. पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. "बाजी, औषध पूर्ण घेतलं, तरी बुरशी आहेच असं लिहिलंय." घरात कुजबुज सुरू झाली होती, की हे बाहेरून आलेलं दुखणं तर नाही ना. मियाँबीवीत आठ दिवस बोलणं बंद होतं.

आम्ही डॉक्टर नाही. कागद तेवढा वाचता येतो. वर 'हाय व्हजायनल स्वॅब', म्हणजे योनीमार्गातून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना. खाली 'कँडिडा अल्बिकन्स' वाढल्याची नोंद. आम्ही विचारलं, "खाज आहे?" नाही. "आग? दह्यासारखं पांढरं जाणं?" तेही थांबलेलं. मग तपासणी कोणी सांगितली? कोणीच नाही, मनाची खात्री व्हावी म्हणून भाभींनीच करून घेतली होती!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डॉक्टरबाईंकडे सोबत गेलो. बाईंनी समजावलं ते असं. शंभरातल्या दहा ते वीस निरोगी बायकांच्या अंगात ही बुरशी काहीही त्रास न देता राहते. औषधाने तिचा जोर मोडतो. ती मुळासकट जाईलच असं नाही. त्रास गेला असेल तर पुन्हा तपासणीची गरज नाही, आणि नुसत्या रिपोर्टसाठी औषधही नाही. हा गुप्तरोगही नव्हे. अँटिबायोटिकचा कोर्स, वाढलेली साखर, गरोदरपण, एवढंही तिला वाढायला पुरतं.

त्रास राहिला किंवा परत आला, तर मात्र तपासणी हवीच. वर्षात तीनदा झाला तर कल्चर करून बुरशीची जात पाहतात, कारण 'ग्लाब्राटा' नावाच्या जातीवर नेहमीची फ्लुकोनाझोलची गोळी कमी चालते. सोबत साखरही तपासतात. गरोदर बाईने ही गोळी मनाने घेऊ नये. तिला मलम किंवा आत ठेवायची गोळी देतात.

तहारतच्या नावाखाली साबण, डेटॉल आत वापरणाऱ्या भगिनी आम्हाला ठाऊक आहेत. त्याने उलट जळजळ वाढते. बाहेरून साधं पाणी पुरे.

निघताना भाभी म्हणाल्या, "हे सासूबाईंना कसं सांगू?" सासूबाईंना मराठी वाचता येत नाही, उर्दू येते. आम्ही त्याच कागदाच्या पाठीमागे चार ओळी उर्दूत लिहून दिल्या.